तीन कोटेशनं आणि तीन वेगळे टन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन मजली घराचं बांधकाम चालू आहे, भिंती उठल्यात, प्लॅस्टर व्हायचंय. उन्हाळा कडक असतो आणि हिवाळ्यातही दोन-अडीच महिने हीटरशिवाय भागत नाही. तुम्ही तिघांकडून कोटेशनं घेतलीत. पहिल्याने डक्टचा, म्हणजे छतातल्या मोठ्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत गार हवा नेणारा, १० टनांचा एसी सुचवलाय. दुसऱ्याने खोलीगणिक वेगळे स्प्लिट, सगळे मिळून ६ टन. तिसऱ्याने एकाच मोठ्या आउटडोअरवर पाच इनडोअर, एकूण ८ टन, शिवाय थंडीसाठी फरशीखाली गरम पाण्याचे पाइप. कुठली सिस्टीम घ्यावी आणि कुठल्या कंपनीची, असं तुम्ही विचारलंय.

सिस्टीम आणि कंपनी दोन्ही जरा बाजूला ठेवा आणि ते आकडे बघा. १०, ६ आणि ८. घर तेच, नकाशा तोच. एकाच माणसाच्या सदऱ्याची तीन शिंप्यांनी इतकी वेगळी मापं सांगितली, तर निदान दोघांनी अंगाला टेप लावलेली नाही हे उघड आहे. बहुधा तिघांनीही नाही. नकाशावरचं क्षेत्रफळ बघितलं, सवयीच्या आकड्याने भागलं आणि टन काढले. तेव्हा तुमचा खरा प्रश्न 'कुठली कंपनी' हा नाहीच. तुमच्या घराचं गणित कोण मांडणार आणि मांडल्याप्रमाणे काम कोण करणार, हा आहे.

मी वीस-बावीस वर्षं या कामात आहे. पहिली काही वर्षं साइटवर पाइप वाकवण्यात गेली, नंतर डिझाइनकडे आलो. त्यामुळे खालचं सगळं थोडं फिटरच्या बाजूने झुकलेलं वाटेल, ते चालवून घ्या. आणि तुमचं घर मी पाहिलेलं नाही. हवा दमट आहे की कोरडी, छत कशाचं आहे, वीज महाग आहे की गॅस, दिवसभर घरात कोणी असतं की सगळे संध्याकाळीच परततात, यावर उत्तर बदलतं. जिथे बदलतं तिथे तसं सांगेन.

आधी टन म्हणजे काय ते. हा आकडा बर्फाच्या जमान्यातला आहे. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो थंड करण्याचा वेग म्हणजे एक टन. आजच्या भाषेत ताशी १२,००० बीटीयू (हे उष्णतेचं एकक), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. तेव्हा 'या खोलीला किती टन' याचा अर्थ एवढाच की भर उन्हाळ्यातल्या सर्वांत वाईट तासाला या खोलीत किती किलोवॅट उष्णता शिरते. ती क्षेत्रफळातून शिरत नाही. ती काचेतून, छतातून, भिंतीतून आणि फटींतून शिरते, वर थोडी माणसं आणि उपकरणं घालतात.

एक उदाहरण करून दाखवतो. चार मीटर बाय साडेतीन मीटरची बेडरूम धरा, पश्चिमेला दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच खिडकी. म्हणजे काच तीन चौरस मीटर. उन्हाळ्यात संध्याकाळी उतरतं ऊन सरळ काचेवर येतं, तेव्हा दर चौरस मीटरला ६०० वॅट सहज पडतात. साधी एकेरी काच त्यातलं बहुतेक आत सोडते. हिशेब करा, एकट्या त्या खिडकीतून जवळजवळ दीड किलोवॅट. शांत बसलेला माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता टाकतो, म्हणजे त्या खोलीत न दिसणारी पंधरा माणसं येऊन बसली! हीच खोली, हीच खिडकी, पण उत्तरेला तोंड करून असेल तर त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंही ऊन येत नाही. दोन्ही खोल्यांचं क्षेत्रफळ मात्र १४ चौरस मीटरच आहे आणि क्षेत्रफळाने भागणारा माणूस दोन्हीकडे तेच मशीन लिहितो.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. तुमच्या भिंतींना अजून प्लॅस्टर नाही, म्हणजे त्या खिडकीवर बाहेरून छज्जा, लाकडी झडप किंवा बाहेरचा पडदा बसवायची वेळ अजून गेलेली नाही. 'बाहेरून' हा शब्द महत्त्वाचा. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर ते काच ओलांडून खोलीत आलेलं असतं, पडदा तापतो आणि उष्णता आतच राहते. वरच्या मजल्याच्या छतावर इन्सुलेशन आणि पश्चिमेच्या काचांवर बाहेरची सावली, या दोन कामांनी मी लोकांचे टन कमी होताना पाहिलेत. ते एकदा केलं की दर महिन्याला बिल मागत नाही. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी तिकडे, मशीनकडे नंतर.

आता तुम्ही म्हणाल, थोडं मोठं मशीन घेतलं तर बिघडलं कुठे, लवकर गार होईल. मीही असंच समजायचो. सुरुवातीच्या काळात एका घराच्या हॉलचं काम केलं. माझ्या हिशेबाने दोन टन पुरत होते. मी अर्धा टन 'असू दे' म्हणून चढवला, ठेकेदाराने त्याच्या जबाबदारीवर अर्धा चढवला आणि मालकांनी पाहुणे येतात म्हणून आणखी एक. बसले चार. पावसाळी दमट दिवसांत त्यांचा फोन आला, "गार होतं हो, पण सोफा ओलसर लागतो. आणि मशीन सारखं चालू-बंद, चालू-बंद करतं." जाऊन बघितलं. दर सहा-सात मिनिटांनी मशीन खोली गार करून थांबत होतं. एसीची दोन कामं असतात, हवा थंड करायची आणि तिच्यातला दमटपणा काढायचा. दुसरं काम आतली थंड नळ्यांची जाळी, म्हणजे कॉइल, दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या) खाली जाऊन तिथे थोडा वेळ टिकली, पाणी पत्र्यांवरून ओघळून ड्रेनमध्ये गेलं, तरच होतं. या मशीनची कॉइल भिजायची, पण पाणी ओघळायच्या आत कॉम्प्रेसर बंद व्हायचा. पंखा चालूच असायचा, तो तेच पाणी पुन्हा खोलीत उडवायचा. थंड आणि दमट, म्हणजे तळघरासारखी हवा. लोक मग तापमान आणखी खाली करतात आणि अंगावर रजई घेतात.

गंमत अशी की एसीचा जन्मच दमटपणासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगाचे छाप एकावर एक बसायचे नाहीत, ते थांबवायला.

इन्व्हर्टर मशीनने हा त्रास बराच कमी केलाय, हे खरं. ते गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग उतरवतं. पण किती उतरवतं? डेटाशीटमध्ये किमान क्षमता असा एक आकडा असतो, तो कोणी वाचत नाही. तुमच्या तिसऱ्या कोटेशनची अडचण तिथेच आहे. आठ टनांचं एक आउटडोअर, पाच इनडोअर. रात्री एकच बेडरूम चालू, तिला हवाय अर्धा टन. आउटडोअर जर दोन टनांच्या खाली उतरतच नसेल, तर इन्व्हर्टर असूनही ते चालू-बंदच करणार. शिवाय ते एक बंद पडलं की ऐन उन्हाळ्यात अख्खं घर बंद. बाहेर आउटडोअर ठेवायला जागाच नसेल तर ही सिस्टीम ठीक आहे. तुमच्याकडे चारी बाजूंना जागा आहे असं लिहिलंय, म्हणून मी ती घेणार नाही.

राहिले डक्ट आणि स्वतंत्र स्प्लिट. यातलं उत्तर तुमच्या राहण्यावर आहे. दिवसभर घरात माणसं, सगळ्या खोल्या वापरात, स्प्लिटचं यंत्र भिंतीवर नको, फॉल्स सीलिंगला उंची आहे, असं असेल तर डक्ट छान. मात्र दोन अटी. पहिली, डक्ट तापलेल्या माळ्यावरून किंवा उघड्या गच्चीवरून नेऊ नका, गार केलेल्या घराच्या आतूनच न्या. गरम जागेतून जाणारा, सांधे नीट न बांधलेला डक्ट वाटेतच मोठा वाटा उधळतो. दुसरी, प्रत्येक बेडरूममधून हवा परत यायचा रस्ता हवा. दार लावल्यावर खोलीत हवा ढकलली जाते पण बाहेर पडायला वाट नसते, मग येणारी हवाही अडते आणि लोक म्हणतात, या खोलीत 'थ्रो', म्हणजे हवेचा जोर, नाही. तुमच्या पहिल्या कोटेशनमध्ये हवा परत घेणारी जाळी फक्त जिन्याजवळ एकच दाखवलीय. ती चूक आहे.

घरात दोन-तीन माणसं, एका वेळी एक किंवा दोनच खोल्या वापरात, तर स्वतंत्र इन्व्हर्टर स्प्लिट. दिसायला साधं, पण एक बिघडलं तरी बाकीचं घर चालू राहतं आणि दुरुस्तीला कोणताही बरा माणूस चालतो. तुमच्या वर्णनावरून मी इकडे झुकेन. हॉलपुरता आतल्या आत छोटा डक्ट केलात तरी हरकत नाही, मिश्र सिस्टीम हा काही गुन्हा नाही.

थंडीचं काय? स्प्लिट घेताना गरम-थंड दोन्ही करणारा घ्या, म्हणजेच हीट पंप. तोच एसी उलटा चालतो, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून आत टाकतो. साधा विजेचा हीटर एका युनिटमागे एकच युनिट उष्णता देतो, त्याहून जास्त देणं त्याला शक्यच नाही. हीट पंप सौम्य थंडीत त्याच युनिटमागे तीन ते चार देतो. पण कॅटलॉगमधली हीटिंगची क्षमता सहसा बाहेर ७ अंश धरून लिहिलेली असते आणि कूलिंगची ३५ अंश धरून. तुमच्याकडे पहाटे उणे ५ होत असेल किंवा दुपारी ४५, तर त्या तापमानाला हेच मशीन किती देतं त्याचा तक्ता मागा. घराला गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच मशीनची ताकद सर्वांत कमी असते. शून्याच्या आसपासच्या ओलसर थंडीत आउटडोअरवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला मशीन मधूनच काही मिनिटं आत गरम हवा देणं थांबवतं. ते बिघाड समजू नका. आणि तेव्हा गळणारं पाणी कुठे जाईल ते आधी ठरवा, पायवाटेवर नको.

फरशीखालच्या गरम पाण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सुख म्हणून त्याला तोड नाही. पाय गरम, हवा शांत, आवाज शून्य. पाणी ३० ते ४० अंशांचंच पुरतं, म्हणून हीट पंपालाही ते सोयीचं पडतं. पण फरशी तापायला तास न् तास लागतात आणि निवायलाही. हिवाळा पाच महिने असेल तर जरूर करा. अडीच महिन्यांसाठी, दुपारी ऊन आणि रात्री थंडी अशा हवेत, ती नेहमी एक पाऊल मागे राहते. तिसऱ्या माणसाने 'उन्हाळ्यात त्याच पाइपांतून थंड पाणी सोडू' असंही म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यांना दवबिंदू विचारा. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू साधारण १७. कोणी खिडकी उघडली, बाहेरची ३० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा आत आली की तो २४ वर जातो. फरशी त्याहून थंड असली तर तिला घाम फुटणार आणि घरातलं वयस्कर माणूस घसरणार. दमटपणा वेगळा काढायची सोय आणि दवबिंदूवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर असेल तरच हे करता येतं. त्यांच्या कोटेशनमध्ये दोन्ही नाही.

आता माणसाकडे येतो. स्प्लिट एसी हे कारखान्यातून अर्धवट आलेलं मशीन असतं. उरलेलं अर्धं तुमच्या भिंतीवर, शिडीवर उभा असलेला माणूस बनवतो. कंपनीच्या नावापेक्षा त्या दोन-तीन तासांवर तुमची पुढची दहा वर्षं ठरतात. ते काम कसं ओळखायचं ते सांगतो, कारण तुम्ही तिथे उभे राहून हे बघू शकता.

तांब्याचे पाइप जिथे ब्रेझिंग करून, म्हणजे तापवून दुसरा धातू वितळवून, जोडतात तिथे आतून नायट्रोजनची बारीक धार चालू असायला हवी. नसेल तर तापलेल्या तांब्याच्या आतल्या अंगाला काळा पापुद्रा धरतो. मी एकदा वारंवार बिघडणाऱ्या मशीनचा सांधा कापून पाहिला. आत बोट फिरवलं तर काजळाच्या डबीत घातल्यासारखं काळं. ती काजळी गॅसबरोबर फिरत फिरत एक्स्पान्शन व्हॉल्व्हशी, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक तोंडाशी, अडकते आणि कोणीतरी येऊन 'गॅस कमी झाला' म्हणून गॅस भरून जातो. बंद सर्किटमधला गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरणाऱ्याला परत बोलवू नये.

जोडणी झाली की नायट्रोजनचा दाब देऊन ठेवतात, किती तो मॅन्युअलमध्ये असतो, आर-३२ (एसीत भरायचा एक गॅस) च्या मशीनला साधारण ४० बार. रात्रभर ठेवला तर उत्तम. सकाळी गेज ३८.७ दाखवेल तर लगेच घाबरू नका. हवा दहा अंशांनी थंड झाली की एवढा उतार येतोच. दुपारी ऊन चढल्यावर तो परत ४० ला आला की सांधे घट्ट.

मग व्हॅक्यूम. इथेच सगळ्यात जास्त चोरी होते. पंप पाच मिनिटं फिरवून "झालं साहेब" म्हणतात. खरं मोजायला मायक्रॉन (अगदी बारीक दाबाचं एकक) दाखवणारा गेज लागतो, साध्या गेजच्या काट्याला तो बारकावा कळत नाही. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन, आपल्याला ५०० च्या खाली जायचंय. तिथे पाइपात उरलेला ओलावा वाफ होऊन निघून जातो. ५०० आले की व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं आकड्याकडे बघत बसायचं. ८०० ला चढून तिथेच थांबला तर आत ओलावा आहे, पंप पुन्हा लावा. न थांबता चढतच राहिला तर गळती आहे. हे बघत बसणारा फिटर दिसला की समजा, माणूस बरा मिळाला.

ड्रेन पाइपला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार आणि भिंत बुजवायच्या आधी इनडोअरच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला आलेलं स्वतः बघायचं. एसीबद्दल मला आलेल्या तक्रारींत पाणी गळण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त असतील आणि त्यातल्या बहुतेक या एका बाटलीने टळल्या असत्या.

आउटडोअरची जागा आत्ताच ठरवा. त्याची गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत त्याच्याच तोंडात जायला नको आणि शेजाऱ्यांच्या बेडरूमखालीही तो नको. दुरुस्तीवाल्याला दोन्ही पाय टेकून उभं राहता आलं पाहिजे. एका हाताने खिडकीचा गज धरून दुसऱ्या हाताने कोणी नीट फ्लेअर (जोडणीसाठी पाइपाचं तोंड पसरवणं) करू शकत नाही. पाइप, ड्रेन आणि केबलसाठी भिंतीत स्लीव्ह (आरपार नळी) सोडायला गवंड्याला आजच सांगा, प्रत्येक मशीनला वेगळी लाइन आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनला सांगा. आणि ताज्या हवेचं विसरू नका. स्प्लिट आतलीच हवा फिरवत असतो. खिडक्या घट्ट बसणार असतील तर जाणाऱ्या हवेतली उष्णता येणाऱ्या हवेला देणारा व्हेंटिलेटर पुढे कधी बसवायचा झाला, तर त्याच्या पाइपाची वाट निदान मोकळी ठेवा.

कंपनीबद्दल म्हटलं होतं. नावाजलेल्या चार-पाचांत फरक कमी असतो. सुटे भाग आणि सर्व्हिस तुमच्या भागात कोणाची चांगली, तेवढं विचारा. गॅस कुठला तेही बघा. आर-४१०ए ची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट, आर-३२ ची ६७५ पट, आर-२९० म्हणजे प्रोपेनची अगदीच नगण्य. २०१६ च्या किगाली करारानंतर जास्त तापवणारे गॅस हळूहळू मागे सारले जातायत, तेव्हा नव्या घरात आर-४१०ए चं मशीन स्वस्तात मिळालं तरी मी घेणार नाही. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि प्रोपेन चांगलाच, म्हणून त्यांच्यासाठी तसं शिकलेला माणूसच हवा.

म्हणजे सध्या माझा कल असा: बाहेरची सावली आणि छताचं इन्सुलेशन आधी, मग गरम-थंड करणारे स्वतंत्र इन्व्हर्टर स्प्लिट, खोलीगणिक हिशेब करून. सहा टनवाला जवळ असेलही, पण तो नशिबाने जवळ आहे की हिशेबाने, ते कळायला हवं.

तेव्हा तिघांनाही फोन करा आणि खोलीगणिक हीट लोडचा, म्हणजे कुठल्या खोलीत किती उष्णता शिरते त्याचा, कागद मागा. दोन उन्हाळ्यांपूर्वी ज्यांचं काम केलं अशा दोन ग्राहकांची भेटही मागा. गेल्या महिन्यातले नकोत, नवा एसी सगळ्यांचाच छान चालतो. जो उलट तुम्हालाच प्रश्न विचारायला लागेल, काच एकेरी की दुहेरी, छतावर काय टाकताय, रात्री किती जण झोपता, त्याच्याशी पुढचं बोला. कागद आला की सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीची ओळ बघा. तिचा आणि उत्तरेच्या खोलीचा आकडा सारखाच असला, तर तो कागद गणिताचा नाही. इथे टाका, मीही बघतो.